हळदीची वखार, पाच बिऱ्हाडं

रविवार, २ मे १९९९

ही तक्रार कुठल्या कोर्टात चालणार नाही, म्हणून वहीत दाखल करतो. माझ्या न्हाणीच्या दिव्याचं बटण घरमालकाच्या स्वयंपाकघरात आहे. मी डोक्यावर पहिला तांब्या घेतला की मालकीणबाईंना विजेच्या बिलाची आठवण होते. आज डोळ्यांत साबण असताना दिवा गेला. मी आवाज दिला. माझा आवाज लहान नाही. याच आवाजावर हिंगोलीच्या स्टँडवरून गाड्या सुटतात. आतून उत्तर आलं, "खिल्लारे, आंघोळीला उजेड कशाला लागतो? आपलं अंग आपल्याला पाठ असतंय की!"

सेहेचाळीस वर्षांचा वाहतूक नियंत्रक अंधारात साबण शोधतो, आणि सूर्य तरीही वेळेवर उगवतो. निसर्गाला लाज नाही.

काल आपला जिल्हा झाला. परभणीतून सुटलो. गुलाल, बँड, पेढे, भाषणं. आज दुपारपर्यंत अकरा माणसं वळकट्या घेऊन गाड्यांतून उतरली आणि माझ्या केबिनच्या खिडकीशी येऊन एकच विचारती झाली, "साहेब, इथं खोली मिळेल का?" सरकारनं कचेऱ्या मंजूर केल्या. कचेरीतल्या कारकुनानं रात्री पाय कुठं पसरायचे, ते मंजूर करायचं राहिलं.

बाराव्याला मी उत्तर दिलं नाही. मी विचार करत होतो.

बुधवार, ५ मे

मार्केट यार्डामागं पुनमचंद शेटची जुनी वखार आहे. तीस वर्षं तिच्यात हळद राहिली. आता माल नव्या गोदामात गेला आणि वखारीत मांजरं राहतात. लांबोडकी इमारत, एका ओळीत पाच खण, प्रत्येकाला पुढं दार, मागं दार. मला ती पाहताक्षणी पाच बिऱ्हाडं दिसली. एक आमचं, चार भाड्यानं.

शेट म्हणाले, "देखो खिल्लारे साहेब, एक साठ. कमी नाही, जास्ती नाही." एक लाख साठ हजार. भविष्यनिर्वाह निधी आणि पतपेढी दोन्हीकडं हात घातला तर एक चाळीस निघतात; ते सहीच्या दिवशी द्यायचे, त्यातले तीस हजार इसार. उरलेले वीस हजार ३० जूनच्या आत. ते दिले तर खरेदीखत. ३० जून टळली तर सौदा मोडला आणि इसाराचे तीस हजार बुडाले, शिवाय मी केलेली दुरुस्ती शेटच्या घशात. चार भाडेकरूंचं डिपॉझिट पाच-पाच हजार धरलं तर वीस होतात. हिशेब इतका सरळ आहे की मला त्याचा संशय येतो.

रुक्माला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बावीस वर्षं लोकाच्या भितीला खिळा ठोकायची इजाजत मागून राहिलो. घ्या. दुरुस्तीला माझी भिशी घ्या."

"आणि वीस हजार नाही जमले तर?"

"तर धाव्या घरात जाऊ. नऊ झाले, त्यात काय."

सोमवार, १० मे

सही केली. एक चाळीस मोजून दिले. शेटचं पेन चुकून खिशात घालून आलो.

रविवार, १६ मे

ग्यानोबा मिस्त्री ठरवला. रोज एकशेवीस. माणूस कमी बोलतो, पण त्याचं प्रत्येक वाक्य सिमेंटच्या पोत्यावर येऊन संपतं. खणांना मधून आडव्या भिंती, मागं मोऱ्या, दोन संडास, खाली शहाबादी फरशी, वर नवे पत्रे. प्रत्येक न्हाणीचं बटण त्या न्हाणीतच बसवायला सांगितलं. वायरमन म्हणाला, "मग दुसरीकडं कुठं बसवतेत?" पोरसवदा आहे. जग पाहिलेलं नाही.

आजपासून धोंड्याचा महिना. अधिक महिन्यात कोणी नव्या घरात पाऊल टाकत नाही. म्हणजे १३ जूनपर्यंत गिऱ्हाईक फक्त पाहून जाणार. आमच्या घरात पंचांग नाही. पण भाडेकरू ज्यांच्या घरात ते आहे तिथूनच यायचे.

सायंकाळी रुक्मा कुरुंद्याला गेली. राणीचं बाळंतपण माझ्या भावाच्या घरी. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे, पण माहेर भाड्याचं आहे. मालकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "आमचं काही नाही हो खिल्लारे, पण म्हातारी ऐकत नाही." नऊ घरांत मी नऊ म्हाताऱ्या पाहिल्या. एकीलाही ऐकू येत नव्हतं.

सोमवार, ७ जून

पहिलं गिऱ्हाईक! वाशीमकडून बदलून आलेला कारकून, जूनच्या उकाड्यात पायांत मोजे घालणारा. त्याला मी मनातल्या मनात मोजेवाले साहेब म्हणतो. पाचही खण पाहिले, नळ सोडून पाहिला, मागची हवा खाल्ली. "फस्क्लास," म्हणाला. मी चहा मागवला. तो अर्धा प्यायला आणि मग तो प्रश्न आला, जो मी बावीस वर्षं ऐकतोय, पण आजवर मालकाच्या तोंडून ऐकत होतो.

"आपण... खिल्लारे म्हणजे?"

"म्हणजे खिल्लारेच."

"नाही, मूळचे कुठले?"

"कुरुंद्याचे. जयभीमवाले."

"अस्सं अस्सं. आमचं काही नाही हो," तो म्हणाला, आणि उरलेला चहा कपात तसाच ठेवून घड्याळ पाहिलं.

उलटा न्याय पाहून मी थक्क झालो. मालकानं भाडेकरूला हाकलायचं, ही रीत. इथं भाडेकरूनं मालकाला हाकललं, तेही मालकाच्या घरातून.

संध्याकाळपर्यंत असे तिघं झाले. तिघांनाही घर आवडलं होतं.

गुरुवार, १० जून

रात्रपाळीत नियमावली लिहिली. घर म्हटलं की शिस्त हवी. कलमं चौदा. रात्री दहानंतर नळ नाही. पाहुणा दोन रात्रींच्या वर नाही. खिळा ठोकण्यापूर्वी मालकाची लेखी परवानगी. आणि शेवटचं, चौदावं: फक्त कुटुंबवाल्यांसाठी. हस्ताक्षर सुबक आलंय. कार्बन लावून पाच प्रती काढल्या.

शनिवार, १२ जून

आज एक म्हातारा आला, लाल पागोटं, हातात काठी. मागं त्याची लेक, निलम राठोड, सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नवीन लागलेली. बापाचं नाव हरिचंद, औंढ्याकडच्या तांड्यावरचे. मी "या बसा" म्हणताच म्हातारा थबकला.

"अरे, तुमी तर फलाटावरले! औंढा-जिंतूर-परभणी... तुमीच बोलता न्हवं?"

"मीच."

"पोरी, हा आवाज ऐकूनच आपुन गाडीत बसतो. ह्यांच्या घरात काहून न बसावं?" मग जरा दबून म्हणाला, "दोन ठिकाणी गेलतो. तांडा इच्यारला आन् दार लावलं. तुमाला काय इच्यारायचं ते अगुदर इच्यारा."

मी ठासून सांगितलं की या घरात कोणालाही जात, गाव, तांडा विचारला जाणार नाही. म्हातारा खूष झाला. मग विचारलं, "राहणार कोण कोण?"

"मी एकटीच," निलम म्हणाली. "पाळी असते. रात्रीची बी असते."

इथं अडचण आली. रात्री-अपरात्री येणारी एकटी मुलगी. यात जातीचा काही प्रश्नच नाही, हे मी त्यांना नीट समजावलं. व्यवस्थेचा प्रश्न आहे. कलम चौदा दाखवलं. म्हटलं, "माझं काही नाही हो, पण बाकीचे भाडेकरू काय म्हणतील?"

निलमनं पाचही रिकाम्या खणांकडं एकदा पाहिलं. "व्हय, तेबी खरंच," म्हणाली. तिच्या बोलण्यात जरा तिखटपणा वाटला. नर्सांना सवय असते.

सोमवार, १४ जून

धोंड्याचा महिना संपला. सोळा दिवस उरले. भाडेकरू शून्य.

सिमेंटही संपलं. चार खणांना आतून नवा गिलावा झालाय, पाचवा तसाच आहे. ग्यानोबाला म्हटलं, गिलावा राहू दे, जुन्या भिंतीवर नुसता चुना मार.

"सायेब, ह्या भितीला चुना नगं. हितं हळद दळायची गिरणी व्हती. भित तीस वर्सं हळद पिऊन बसलीय. खरडून शिमीट—"

"पोतं!" मी म्हटलं. "मला माहीत होतं तू पोत्यावर येणार." वाक्य तिथंच तोडलं. पैसा माझा आहे आणि चुन्यावर माझा विश्वास आहे. माझ्या बापानं आयुष्यभर चुनाच लावला.

"बराबर," म्हणाला ग्यानोबा, आणि बादली उचलली.

गुरुवार, १७ जून

सकाळी कुलूप काढलं आणि दारातच उभा राहिलो. पाचव्या खणाची मागची भिंत लाल झालीय. गुलाबी नाही, विटकरी नाही, लालभडक. मधोमध गर्द, कडांना ओघळ. काल मारलेला पांढरा चुना कुठंही नाही.

ग्यानोबा आला, पाहिलं. मला वाटतं त्यानं बादलीत काहीतरी कालवलं असणार, किंवा बादलीच आधीच्या कुठल्या तरी रंगाची असेल. मी खूप बोललो. त्याचे तीन दिवसांचे पैसे कापले आणि हिशेब संपवला. माणसानं सामानाची काळजी घ्यायला नको?

तो घमेलं घेऊन गेला. जाताना दार हळू लावलं.

शुक्रवार, १८ जून

समोरच्या गल्लीतली एक बाई, भिंत वाळावी म्हणून उघड्या ठेवलेल्या दारातून डोकावली. तिला त्या लाल डागात बसलेली देवी दिसली. मांडी, मुकुट, एक हात वर. आज शुक्रवार. दुपारी चार वाजेपर्यंत भिंतीपुढं सात नारळ, तीस-चाळीस लिंबं, उदबत्त्या आणि एक चिल्लरीचा ढीग.

मी ड्युटीवरून येऊन पाहतो तर माझ्या दारापुढं पन्नास चपला. माझ्या उंबऱ्याबाहेर, ओळीनं, अदबीनं. त्यांत एका जोडीत मोजे गुंडाळून ठेवलेले. आत मोजेवाले साहेब हात जोडून उभे होते, अनवाणी. ज्या घरात मालकाच्या आडनावामुळं त्यांना चहा उतरला नव्हता, त्याच घराच्या भिंतीला ते डोकं टेकवून राहिले होते.

मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. पण त्या क्षणी मला देवीचा हेवा वाटला. तिला कोणी मूळचं गाव विचारलं नाही.

शनिवार, १९ जून

समिती झाली. चार पोरं, एक पावतीपुस्तक. त्यांचा म्होरक्या फार गोड बोलला. "काका, तुमी नशीबवान. तुमच्या जागेत देवी आली. पण आता तुमीच इथं राहणं बरं दिसत न्हाई, बराबर का?"

मी म्हणणार होतो की भिंत ओली आहे, बाकी काही नाही. त्याच्या मागं साठ-सत्तर माणसं उभी होती. मी म्हणालो नाही. भीती वाटली. लिहून ठेवतो, कारण उद्या विचारलं तर मी नाही म्हणेन.

रविवार, २० जून

पुनमचंद शेट स्वतः आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. "साहेब, ते समितीवाले मला भेटले. म्हणतात, सौदा मोडा, इसार डबल वापस करा, दुरुस्तीचा खर्च आम्ही देतो. साठ हजार तुमच्या हातात. मी निरोप आणला. सांगणं माझं काम."

"आणि तुमचं म्हणणं काय, शेट?"

"माझं म्हणणं कागदावर आहे. तीस तारीख." टोपी सरळ केली आणि गेले. पक्का व्यापारी. दोन्ही तागड्यांत हात.

साठ हजार. भाडेकरू एकही नसताना, दहा दिवस उरलेले असताना, तीस बुडण्याऐवजी तीस वर. झोप येईना. दोनदा 'हो' ठरवलं, तीनदा 'नाही'. हो म्हटलं तर पैसा येईल, आणि माझ्या दारातून मलाच जावं लागेल. तेही चपला काढून.

सोमवार, २१ जून

दुपारच्या कुरुंदा गाडीनं रुक्मा आली. राणीला मुलगी झाली, दोघी ठणठणीत. ही बातमी तिनं फलाटावरच दिली आणि मी माईकवर कळमनुरीची गाडी नांदेडला पाठवली. प्रवाशांनी आरडाओरडा केला तेव्हा दुरुस्त केलं.

मग तिला सगळं सांगितलं. ती तडक वखारीत गेली, गर्दीतून वाट काढून भिंतीजवळ उभी राहिली, नखानं जरासं खरवडलं, वास घेतला. बाहेर येऊन पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता बसली खाली.

"हळदीवर चुना मारला? तुमी?"

"ग्यानोबानं—"

"आवो, हळदीत चुना घातला की कुंकू होतंय! एवढं परकरी पोरीला ठावं हाय. हळदीच्या बाजारात उमर गेली तुमची!"

मी सांगितलं की उद्या सकाळीच गर्दीपुढं उभा राहून शास्त्रीय स्पष्टीकरण देतो. आवाज आहेच.

"तुमी गप बसा," ती म्हणाली. "तुमी बोललात तर दंगल होईल. हे बायांचं काम हाय."

संध्याकाळी ती समोरच्या मंजुळाबाईकडं गेली. मंजुळाबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यात थोरली बाई. तिच्या सासरी पूर्वी घरी कुंकू करून जत्रांत विकायचे. दोन तास बसली. काय बोलल्या कोण जाणे. परत आली तेव्हा हातात भाजी होती.

मंगळवार, २२ जून

हा दिवस सविस्तर लिहितो.

नऊ वाजता मंजुळाबाई काठी टेकत आली. मागं गल्लीतल्या वीस-पंचवीस बाया. समितीचा म्होरक्या पुढं झाला, "आजी, लायनीनं."

"तुझ्या बापाला न्हाऊ घातलंय मी. सरक."

तो सरकला. म्हातारी भिंतीशी गेली. आधी हात जोडले, मनापासून. मग बोट फिरवलं, चिमटीत घेतलं, जिभेच्या टोकाला लावलं.

"हळद हाय," ती म्हणाली. "चुना जास्ती झालाय. असलं कुंकू माझ्या सासूनं फेकून देलं असतं."

बाया कुजबुजल्या. कोणीतरी म्हणालं, "मंजुळाकाकू, असं कसं म्हनता? देवी हाय."

"देवी हाय की. ती काय फक्त ह्याच भितीत हाय का? मग बाकीच्या गावानं काय करावं?" तिनं खालच्या ढिगातून एक लिंबू उचललं. "रुक्मा, इळी आन."

रुक्मानं विळी आणली. आधीच धुवून ठेवली होती. म्हातारीनं लिंबू चिरलं आणि अर्धी फोड भिंतीवर चोळली. बारीक फेस आला, फसफसला. आणि लाल भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, हाताएवढा पिवळाजर्द पट्टा उमटला. देवीच्या मुकुटाच्या अगदी मधून.

मग मागून एक तरणी सून खुदकन हसली. "अगं बया, साडीवरलं कुंकवाचं डाग असंच निघतंय!" दुसरी पुढं आली, दुसरं लिंबू घेतलं. तिसरी आली. अर्ध्या तासात पंचवीस बाया माझी भिंत लिंबानं घासत होत्या आणि लग्नात उटणं लावताना बसतात तशा एकमेकींची थट्टा करत होत्या. पुरुष दारात उभे. कुठं पाहावं ते त्यांना कळेना. म्होरक्यानं पावतीपुस्तक खिशात घातलं, मग खिसा लहान पडला म्हणून शर्टाच्या आत घातलं.

चिल्लर मंजुळाबाईनं पदरात बांधली आणि गल्लीच्या देवळात नेऊन टाकली. नारळांची रुक्मानं बर्फी केली. गल्लीत वाटली.

माझ्या संयमामुळं हे प्रकरण शांततेत मिटलं, असं म्हणायला हरकत नाही.

बुधवार, २३ जून

रुक्मानं पाचव्या खणाची किल्ली निलम राठोडला देऊन टाकली. मला न विचारता. दवाखान्यात जाऊन दिली. मी कलम चौदा काढलं. तिनं कागद घेतला, चौदाही कलमं वाचली. वाचताना तोंड आमच्या मालकासारखं केलं, मान तशीच हलवली, "खिळा ठोकण्यापूर्वी" ला तसाच घसा खाकरला.

"हे आपल्या मालकानं इथं बी लावलं व्हय?"

अक्षर माझं आहे हे तिला दिसत होतं.

"ती पोरगी रातच्याला काहून येते माहीत हाय? लोकाची बाळंतपणं करून येते. राणीच्या वक्ताला असलीच एक होती, म्हणून लेकरू हाती आलं."

पाचही प्रती चुलीत गेल्या. कार्बनसकट.

शुक्रवार, २५ जून

संध्याकाळी हरिचंद आले. डिपॉझिटचे पाच हजार रुमालात, आणि एक दुभतं शेरडू, रुक्मासाठी. शेरडू परत पाठवताना तासभर भांडण झालं. अखेर शेरडू गेलं आणि दूध राहिलं.

निलम पिवळ्या-लाल भिंतीकडं बघत म्हणाली, "काका, दवाखान्यात ह्याच्यापेक्षा भारी रंग असतात."

मी तिला म्हटलं, त्या दिवशी मी जे बोललो ते... ती म्हणाली, "कोणत्या दिवशी?" आणि चूल कुठं मांडायची ते विचारलं. भिंतीला पहिला खिळा तिनंच ठोकला. मी हातोडी दिली.

रविवार, २७ जून

चमत्कार झालाच, फक्त वेगळा. लिंबू घासताना बायांनी घर आतून-बाहेरून पाहिलं. आणि त्यांच्या लक्षात आलं की या घरात मुंगी नाही. झुरळ नाही. वाळवी नाही. ढेकूण तर नाहीच. तीस वर्षांची हळद! ही बातमी चार दिवसांत नळावरून, गिरणीवरून, दवाखान्याच्या लायनीतून गावभर झाली. कोणाही दलालाला हे जमलं नसतं. काल दोन कुटुंबं आली. एक तलाठी, एक शाळामास्तर. दोघांच्या बायका आधी कोपऱ्यात साखर टाकून पाहत होत्या. मुंगी आली नाही. पाच आणि पाच, दहा हजार.

पंधरा झाले. एक खण राहिला. तीन दिवस राहिले.

सोमवार, २८ जून

मोजेवाले साहेब दारात. मोजे हातात.

"खोली... आहे का एखादी?"

"आहे. आडनाव मात्र खिल्लारेच आहे. मधल्या काळात बदलता आलं नाही."

ते खाली पाहून म्हणाले, "साहेब, सध्या जिथं आहे तिथं रात्री साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवतो, तरी मुंग्या पोहून जातात. बायको म्हणाली, मुंग्या नसतील तर आडनावाचं काय लोणचं घालायचंय?"

बावीस वर्षं मी या क्षणासाठी वाक्यं तयार करत होतो. चांगली, धारदार, पाठ केलेली. त्यातलं एकही ओठांवर आलं नाही. रुक्मानं आतून चहा पाठवला. त्यांनी कप तळापर्यंत रिकामा केला आणि बशीतला सांडलेलाही प्यायले. मी किल्ली दिली.

बुधवार, ३० जून

दुपारी बाराला पुनमचंद शेटच्या दुकानात वीस हजार ठेवले. त्यांनी मोजले नाहीत. गल्ल्याखालून एक लिफाफा काढला. खरेदीखताचा स्टॅम्पपेपर, माझ्या नावानं, आधीच घेतलेला. निबंधकाकडं जाऊन सह्या केल्या. चार वाजता घर माझं झालं. आमचं. रुक्माचं नाव पहिलं आहे.

घरी येऊन कागद पुन्हा वाचला. स्टॅम्पवर खरेदीची तारीख २१ जून आहे. सोमवार. लिंबू तर मंगळवारी चिरलं. त्या सोमवारी अख्ख्या गावाला वाटत होतं की जागा देवीची झाली, आणि मलाही. शेटचं वय झालंय, तारखांत घोटाळा होत असावा.

रात्री आमच्या खणात पथारी टाकली. पलीकडून तलाठ्याचं लेकरू रडत होतं, त्याच्या पलीकडं मास्तर पाढे घेत होते, निलमच्या दाराला कुलूप, म्हणजे कुठंतरी कोणीतरी जन्मत होतं. रुक्मा म्हणाली, "राणीला पुढच्या आयतवारी घेऊन या. बाळंतीण हितंच राहील महिनाभर." मग थोड्या वेळानं, झोपेत असल्यासारखं, "ग्यानोबानं सांगितलं व्हतं म्हणे तुमाला. मंजुळाबाई म्हणत व्हती. तो तिच्या भाच्याच्या घरावर हाय सध्या."

मी झोपल्याचं सोंग केलं.

रविवार, ४ जुलै

पाळी बाराची होती. दहाला निघालो. राणीला आणायला संध्याकाळी जायचंय.

मंजुळाबाईच्या भाच्याचं घर रिसाला बाजारात. ग्यानोबा बांबूच्या पाडावर उभा, बाहेरच्या भिंतीला गिलावा करत होता. त्याचा सदरा खाली खिळ्याला टांगलेला. मला वाटलं, खिशात घालावेत आणि निघावं. मग वाटलं, चोरून घेतले नव्हते, चोरून देऊ नयेत.

"ग्यानोबा."

"सायेब." थापी थांबली नाही.

"तीनशे साठ आहेत. तीन दिवसांचे."

तो खाली उतरला. हात पाण्यात बुडवले, धोतराला पुसले, पैसे घेतले, मोजले. त्यातले साठ मला परत दिले.

"अडीच दिस भरले व्हते. तिसऱ्या दिशी दुपारून मी बाजारला गेलतो."

"राहू दे."

"ऱ्हाऊ कसं द्यावं?" तो म्हणाला.

मी साठ घेतले. "त्या भिंतीचं कसं करायचं?" विचारलं, आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. खरडायची, आठ दिवस वाळू द्यायची, मग गिलावा. दोन पोती लागतील.

"तीन आणतो," म्हटलं, आणि ड्युटीवर गेलो.